दिनविशेषातून गळलेली ओळ

प्रिय दादा,

'प्रिय' लिहून मी थांबले. खोडावंसं वाटलं, खोडलं नाही. फोनच करणार होते, पण अक्कलदाढ काढल्यापासून तोंड धड उघडत नाही. एका परीने बरंच झालं. फोनवर तू 'अगं, आधी शांत हो' म्हणाला असतास आणि मी आणखी भडकले असते. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

मंगळवारचा आमचा पेपर तू पाहिला असणारच. पाचव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात माझं 'दिनविशेष'. मी रजेवर होते. सकाळी गाल शेकत स्वयंपाकघरात बसून वाचलं. कुठल्याशा राजाचा राज्याभिषेक होता, बुडालेली बोट होती, एका शास्त्रज्ञाचा जन्म होता. आणि दरवर्षी जिथे 'शहरातील रंगकारखान्याला आग. दार बाहेरून बंद असल्याने अकरा कामगार स्त्रियांचा मृत्यू' असं असतं, तिथे छापलं होतं, 'शहरातील रंगकारखान्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी'. चहा तसाच राहिला. तसा तो मला पिताही येत नव्हता म्हणा.

पहिली शंका मी स्वतःवरच घेतली. माझ्याच हातून गेल्या वर्षी काही चुकलं असेल का? तुला आमचं काम ठाऊक नाही. आम्ही दिनविशेष दरवर्षी नव्याने लिहीत नाही. गेल्या वर्षीचा त्या तारखेचा मजकूर उघडायचा, कशाला शंभर, कशाला पन्नास वर्षं झाली ते बघायचं, जागा कमी असली की एखादी ओळ उडवायची. एकदा उडालेली ओळ परत येत नाही, कारण पुढच्या वर्षी ती गेल्या वर्षीच्या मजकुरात नसतेच. मुद्दाम कोणी काही पुसायला लागत नाही. एवढ्याचसाठी त्या तारखेला मी कधी रजा घेत नव्हते. यंदा दाढेपुढे इलाज चालला नाही.

सुजल्या तोंडाने तशीच ऑफिसात गेले. माझ्या जागी खेळाच्या पानावरचा पोरगेला उपसंपादक होता, त्याला सगळे 'पंच' म्हणतात. तो म्हणाला, "ताई, वरून आलं, मी लावलं. मला काय माहीत, मला वाटलं तुम्हीच बदललंत." मग मी संपादकांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे पुढचं बोलणं त्यांना नको होतं. म्हणाले, "बाई, कारखान्याचा फोन आला असता तर मी ठेवून दिला असता. पण ज्याची आई त्या आगीत गेली तोच माणूस म्हणतो की दरवर्षी ती ओळ वाचून घरच्यांना त्रास होतो. मग नाही म्हणणारा मी कोण? तुमचा सख्खा भाऊच ना तो?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दादा, मी दोन दिवस तुझ्या बाजूने विचार केला. प्रामाणिकपणे केला. दवाखान्यात आईला ओळखायला तू गेला होतास, मी नाही. मला मावशीने घरी बसवून ठेवलं होतं, आणि तू परत आलास तो जिन्यातच बसलास, वर येईनास. जे तू पाहिलंस ते मी पाहिलेलं नाही. दरवर्षी ती ओळ छापताना मी आईसाठी छापते की माझ्यासाठी, हेही स्वतःला विचारलंय. म्हणूनच त्या ओळीत तिचं नाव कधी घातलं नाही. राजाच्या आणि बोटीच्या शेजारी आपलं घरचं दुःख मांडायचा मला काय अधिकार? पण अकरा बायका आणि बाहेरून घातलेली कडी हे काही आपलं घरचं नव्हे.

तुला त्रास होत असेल तर तो खरा आहे असं मी मानायला तयार होते. मग सांग, त्रास होणारा माणूस ती जागा रिकामी ठेवायला सांगेल की तिथे पायाभरणी घालायला? त्याच तारखेला पायाभरणी कोणी ठरवली, कशासाठी ठरवली, हे त्या कारखान्याचा जनसंपर्क सांभाळणाऱ्या तुला मी सांगायचं? गेल्या वर्षी 'दार बाहेरून बंद असल्याने' एवढंच गाळा असा निरोप आला होता, तेव्हा मी नाही म्हटलं. तोही तुझाच होता का? नोकरी कर, साहेबांची भाषणं लिही, त्यांच्या पाहुण्यांना हार घाल, मी कधी काही बोलले नाही. पण आईचा मुलगा म्हणून मिळालेलं वजन तू आईच्याच विरुद्ध वापरलंस. लाज कशी नाही वाटली रे तुला?

काल शिंपीकाका ऑफिसात आले होते. त्यांची बायको कारखान्यात आईच्या शेजारच्या रंगाच्या कढईवर असायची. पेपरची घडी हातात. म्हणाले, "पोरी, आमची माणसं यंदा मेलीच नाहीत का?" मी त्यांना तशीच संपादकांच्या खोलीत घेऊन गेले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. संपादक ओळ परत घ्यायला तयार आहेत, रविवारी, खुलाशासह, आणि पुढच्या वर्षीच्या मजकुरातही. त्यांची अट एकच, घरच्यांनी तसं सही करून मागावं. शिंपीकाका दारोदार फिरले. दहा घरांनी सह्या दिल्या. आपल्या घराची सही मी केली नाही. स्तंभ माझा, म्हणून मी करणं बरोबर नाही. आणि नको म्हणालास तू, तेव्हा हवं म्हणायचं तेही तूच. शनिवारी दुपारपर्यंत येऊन सही कर. नाही आलास तरी खुलासा छापून येईल. अकरा बायका मेल्याचं त्यात असेल आणि खाली दहाच घरांची नावं असतील. अकरावं घर कोणतं, असं लोक विचारतील. मला विचारलं तर मी खरं ते सांगणार आहे.

तुझीच, पण यंदा तुझ्या बाजूची नसलेली,
धाकटी