फाटकावरची वही

दादा,

सरकारी पाहणीसाठी हार्ट अटॅकचे जुने केसपेपर तपासून डोळे शिणलेत. रुग्ण किती वाजता आला, इंजेक्शन किती वाजता मिळालं, एवढंच फॉर्मात भरायचं. दहा रुग्णालयं झाली.

आज बाबांचा केसपेपर हाती आला. दुखणं सुरू झालं नऊला, आल्याची वेळ पावणेबारा. तीच बघून, बाबा गेले त्या दिवशी, मी सगळ्यांदेखत तुला म्हणाले होते, “तू उशीर केलास.”

मग रुग्णालयाच्या फाटकावरच्या रखवालदाराची त्या दिवसाची वही शोधून काढली. तुझी गाडी दहालाच आत आलेली. पावणेदोन तास तुम्ही केसपेपरच्या रांगेत होतात. तू सांगत होतास रे, मीच तोंड फिरवलं.

हे पत्र टाकायचा धीर होणार नाही. फॉर्मात फाटकावरच्या वेळेला रकाना नाही. मी समासात लिहिलंय: मुलानं वेळेत आणलं होतं.

तुझी,
धाकटी