दहा डोकी आणि एक कंबर

सोनई, घटस्थापनेचा दुसरा दिवस

ती. सुभेदार राधाकृष्णभाऊ यांस,

सोनईहून कानिफनाथचा कंबरेत जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण डॉक्टरांनी बंद केलाय. तो मनाने घातला असं धरून चालावं.) तुमची शुगर आटोक्यात आहे ना? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? भिंगारला डास फार झालेत असं कळलं, काळजी घ्यावी. आपल्या हातांची प्रकृती मात्र उत्तम असावी, कारण माझा फोन आपण ज्या चपळाईने कट करता ती आजारी माणसाची नाही. म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्र फाडता येतं हे खरं, पण तुम्ही फौजेतले, कागद पुरता वाचल्याशिवाय फाडणार नाही याची खात्री आहे.

तुमच्या कानावर गेलं ते खरं आहे. तुमची धाकटी बहीण विजयमाला, म्हणजे माझी बायको, यंदा दसऱ्याच्या नाटकात रावण होतेय. पण मी तिला रावण केलं हा आरोप मला मान्य नाही. तिला काही करणं माझ्या हातात असतं तर लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी केलं असतं. झालं असं, की गेल्या दसऱ्यापर्यंत रावण मीच होतो हे तुम्ही जाणताच. आमच्या आळीची डोकी जुनी, कागदाच्या लगद्याची, सागवानी फळीवर ठोकलेली. वजनाला एखादी दुभती शेळी पाठीवर घेतल्यासारखी. खाली तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचं चिलखत. (रंग उडाल्यामुळे डाव्या छातीवर ‘शुद्ध शेंगदाणा’ एवढं वाचता येतं.) गेल्या वर्षी सीतेला उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. सीता चालत लंकेला गेली, मी वाकलेलाच तिच्या मागोमाग आत गेलो, आणि लोकांना वाटलं रावणाने माफी मागितली. मणक्यातली गादी सरकली होती. तेव्हापासून डॉक्टरांनी ओझं वर्ज्य केलंय.

यंदा देवळातल्या बैठकीत रावण कोण, असं विचारल्यावर सगळे खाली बघायला लागले. रामाला चौघे तयार. रामाला काय, पिवळं धोतर आणि एक धनुष्य. कोणी म्हणालं डोकी थर्माकोलची करू, पण मागे एकदा तो प्रयोग झालाय आणि स्टेजवरच्या पंख्याने रावणाची दोन डोकी प्रेक्षकांत नेऊन टाकली होती. मग रावणच गाळू असं ठरायला लागलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने विजू उठली आणि म्हणाली, “म्या व्हते रावण.” हसले हो सगळे. तिने हसू दिलं, आणि त्यांचं आटोपल्यावर मग ती हसली. रावणाचं हसू. भाऊ, मी वर्षानुवर्षं घरात तालमी केल्या, ही ज्वारीच्या भाकरी थापत ऐकत होती एवढंच मला माहीत होतं. सगळंच्या सगळं हिच्या पोटात जाऊन बसलंय हे मला त्या दिवशी कळलं. पुजाऱ्याच्या हातातली उदबत्ती बोटापर्यंत जळत आली तरी त्याला पत्ता नव्हता. ठरावच झाला. फक्त एक अट घातली मंडळींनी: डोकी घेऊन अखेरपर्यंत ताठ उभं राहता आलं पाहिजे, मध्येच बसली तर पुढच्या वर्षीपासून रावण बंद.

तेव्हापासून मी रावणाच्या पाठीच्या मागे लागलोय. पहिली अडचण हिशेबाची. रावणाला दहा तोंडं, त्यातलं एक स्वतःचं. राहिली नऊ. नऊ दोन बाजूंना कशी वाटणार? डावीकडे चार, उजवीकडे पाच. इतकी वर्षं मी उजवीकडे कलायचो आणि लोक म्हणायचे काय रुबाब आहे. पण विजू म्हणाली, कललेला रावण मला जमणार नाही. मी तिची समजूत काढायला म्हणालो, अगं, बाकीचे सगळे नट तुझ्या पासंगालाही पुरणार नाहीत, थोडं कललं तर काय बिघडतं? त्यावर ती थांबली आणि म्हणाली, मग पासंगच लावा की. (पासंग म्हणजे तराजूचं हलकं पारडं सारखं करायला बांधतात तो तुकडा. आमचं किराण्याचं दुकान आहे म्हणून आम्हाला सुचतं, फौजेत तराजूशी संबंध कमी येत असावा.) दुकानातलं जुनं लोखंडी वजन सगळ्यात डावीकडच्या डोक्यात कोंबलं. फळी सरळ झाली. मी टाळी वाजवली. विजूने रावणासारखी झपकन मान वळवली, वजन त्या डोक्याच्या तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर आलं. आता वजन तारेने आवळलंय. अंगठा काळानिळा आहे, पण रावण सरळ आहे.

दुसरी अडचण खांद्यांची. दोरी काचते. गोधडी घातली तर चिलखत लागत नाही, चिलखत लावलं तर गोधडी मावत नाही. मढीच्या यात्रेत गाढवं घेणाऱ्या एका ओळखीच्याकडून खोगीरसुद्धा आणलं होतं. ते तिने कुठे फेकलं ते मी विचारलेलं नाही. तीच शेवटी म्हणाली, “आवो, बाई लेकरू कुठं घेती? खांद्यावर का? कंबरंवर घेती ना!” ओझं खांद्यावरून काढून कंबरेवर टेकवायचं, एवढी साधी गोष्ट, आणि मी आपली गादी सरकवून बसलो. पण कंबरेवर टेकवायला तसा रुंद, मजबूत पट्टा पाहिजे आणि पाठीशी घट्ट बसेल अशी चौकट. साडीचा काष्टा, बैलाचा पट्टा, कारचा सीटबेल्ट, सगळं करून झालं. काही ना काही सरकतंच.

तरीही परवा शाळेच्या मैदानावर तालीम झाली, आणि भाऊ, ती सांगण्यासाठीच हा सगळा पसारा मांडला. विजू पूर्ण वेषात उभी राहिली. मी मागे होतो. (टेकूला. नुसता हात लावून. भार सगळा तिचाच.) त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, समोरच्यांचे दिसत होते. ती म्हणाली, “लंकेतल्या मशाली विझवा, मला माझ्या डोळ्यांचा उजेड पुरे!” आणि समोरची सगळी आळी एकदम लहान झाली. मोबाईल दुकानवाला तुषार राम आहे, त्याने धनुष्य खाली टाकून सांगितलं, “काकू, जरा दमानं, लई भ्या वाटतंय.” आळीतल्या छबूबाई तर नव्वदीच्या, त्यांनी इतके रावण पाहिलेत, त्या मैदानाकडेला टाकलेल्या खाटेवरून उठून उभ्या राहिल्या आणि रावणाला हात जोडले. सून म्हणाली, आवो ही आपली दुकानवाली विजू हाय. त्या म्हणाल्या, “न्हाई, ही विजू न्हाई.” मी तिच्या टाचांकडे पाहिलं. मातीत रुतलेल्या, पण जराही हललेल्या नव्हत्या. जिला मी रोज साखर तोलताना बघतो तीच ही, असं मला स्वतःला बजावावं लागलं.

तेव्हा राग सोडावा. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
कानिफनाथ

ता. क. तुमच्या बैठकीत भिंतीला तुमचा फौजेतला पाठीवर सामान घ्यायचा पिट्टू टांगलेला असतो. त्याला मागे चौकट आहे, आणि कंबरेचा वीतभर रुंद पट्टा आहे. नातवंडांनी हात लावला तरी तुम्ही ओरडता हे ठाऊक आहे. दसऱ्यापुरता मिळेल का? एस.टी.ने पाठवला तरी चालेल.

ता. क. २. त्याला दोन भोकं पाडावी लागतील. (चार.)

ता. क. ३. दादा, मी विजू. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांनी नुसता हात लावला असं लिहिलंय, आणि त्यांना ते खरंच वाटतंय. तालीमभर फळी ह्यांनी दोन्ही हातांनी वर धरून ठेवली होती, सरकलेली गादी घेऊन. घरी आल्यावर जेवायला पाटावरसुद्धा बसता येईना. तुषारने मोबाईलवर शूटिंग केलंय. त्यात रावणाला अकरा डोकी दिसतात, आणि अकरावं टकलं आहे आणि आ वासून बघतंय. सगळ्या आळीने पाहिलं, ह्यांना कोणी दाखवलं नाही. तू पिट्टू पाठव. ओझं माझ्या कंबरेवर आलं की ह्यांना मागे थांबायचं कारण उरणार नाही. ह्यांनी मला रावण झालेली फक्त पाठीमागून पाहिलीय, दादा. ह्या दसऱ्याला त्यांना समोर बसून बघू दे.