बोल्टवरची राहिलेली खूण

आईस, पाया पडते.

मी बरी आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

वळणावर मुद्दाम आतल्या बाजूला झुकणाऱ्या जुन्या रेल्वेगाडीला आम्ही नवे भाग बसवले. इथली रीत अशी, की ज्याने बोल्ट आवळले त्यानेच पहिल्या चाचणीला त्या डब्यात बसायचं. काल गाडी सुटायच्या आधी बघितलं, तर माझ्या एका बोल्टवर रंगाची खूण नव्हती, म्हणजे तो आवळायचा राहिला होता. तू म्हणतेस तशी मूग गिळून बसणार होते, पण आमच्या मिस्त्रींना सांगितलं. पाना अर्धा फेरा फिरला.

"बोलता येतं की गं तुला," ते म्हणाले.

मग गाडी केवढी झुकली, तरी माझ्या पेल्यातलं पाणी सांडलं नाही. बाबांना पाण्याचंच सांग, बोल्टचं नको.

तुझी मुकी