सहा ठोके

ता. ११ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी अडीच

प्रिय ठमे,

तुला आणि छोटीला अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. माझा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे बसलो की उठू देत नाही आणि उठलो की बसू देत नाही. स्वयंपाकघरातला नळ अखेर बदलला. तुझी आई जुन्या नळाच्या ठिबकण्याला इतकी सरावली होती, की नवा आल्यावर दोन दिवस तिला दुपारची डुलकी लागली नाही. समोरच्या कंपाउंडरनं नवे दात बसवले आहेत आणि तेव्हापासून तो कारण नसताना हसतो.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागलो की तू नुसतं हं-हं करतेस आणि माझ्या वतीनं उत्तरं तुझी आई देते. शिवाय काही गोष्टी तोंडानं सांगायला गेलो की माझ्यातला मास्तर जागा होतो आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. तेव्हा कागद बरा.

आईनं तुला सांगितलं असेल की बाबा हल्ली संध्याकाळी फिरायला जातात. ते खोटं आहे. या गुडघ्यानं मी कसला फिरतो? मी क्लासला जातो. शिकवायला नव्हे, ते सकाळी. संध्याकाळी शिकायला जातो. आईला तसं सांगायला मीच लावलं होतं, तिच्यावर चिडू नकोस.

आता हे घडलं कसं ते ऐक. वह्या-पेनांच्या दुकानावरची आपली क्लासची खोली तुला ठाऊक आहे. जूनमध्ये मालकानं तिच्या मधोमध प्लायवूड ठोकलं आणि पलीकडचा अर्धा भाग जपानी शिकवणाऱ्या एका बाईंना दिला. बाई असेल एकोणतीस-तीस वर्षांची, म्हणजे तुझ्यापेक्षाही लहान. अलीकडे मी, माझी पट्टी आणि माझी इंग्रजी. पलीकडे त्या आणि टाळ्या.

टाळ्या कशाला? तर जपानीत शब्दातल्या प्रत्येक ठोक्याला सारखाच वेळ. आपल्या इंग्रजीत एक ठोका पाय पसरून बसतो आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूला चेंगरतात. माझी पट्टी टेबलावर पडते ती पसरलेल्यावर. त्यांच्याकडे मात्र प्रत्येकाला वेगळी खुर्ची. लांब स्वर असेल तर दोन खुर्च्या. अनुस्वारासारखा नुसता 'न्' आला तरी त्याची स्वतःची खुर्ची. बाई एकेका ठोक्याला टाळी वाजवतात आणि वर्ग तालात म्हणत राहतो.

आठवड्याभरात माझी मुलं बिघडली. 'बनाना'सारख्या साध्या शब्दाचे तीन समान तुकडे करून माझ्यापुढे ठेवायला लागली. मी तणतणत पलीकडे गेलो. म्हटलं, "बाई, तुमच्या टाळ्यांनी माझा वर्ग सपाट झालाय."

त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, मीच तुमच्याकडे यायच्या विचारात होते. तुमच्या पट्टीनं माझी मुलं एका अक्षरावर उडी मारतात आणि बाकीची गिळून टाकतात."

मी ती उलट तक्रार ऐकून घेतली. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच असेल. शेवटी असं ठरलं की सकाळ माझी, संध्याकाळ त्यांची. पण पहिल्याच संध्याकाळी मी छत्री विसरलो म्हणून परत गेलो आणि दारात उभा राहून ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी छत्री विसरली नव्हती तरी गेलो. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "काका, दारात वारा लागेल, आत बसा." तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर आहे. शेजारी एक लिफ्टदुरुस्तीवाला बसतो. त्याला कारखान्याकडून आलेली जपानी माहितीपत्रकं वाचायची आहेत. तो बोटांवर ठोके मोजतो आणि एकदाही चुकत नाही. मी रोज चुकतो.

हसतेयस ना? हस. माझी सर्वांत मोठी अडचण म्हणजे रिकामा ठोका. त्यांच्या काही शब्दांत मध्येच एक ठोकाभर गप्प बसायचं असतं. बोलायचं काही नाही, पण वेळ पूर्ण द्यायचा. मला ते जमत नाही, मी पुढचं अक्षर दामटतोच. हे घरी सांगितलं तर तुझी आई म्हणाली, "बेचाळीस वर्षांत जमलं नाही, ते आता टाळ्या वाजवून काय जमणार?"

एकदा मी बाईंना पकडलंही. वाक्याच्या शेवटी त्या लोकांचं एक 'देसु' येतं, त्यातला उकार त्या चक्क गाळत होत्या. मी उठून म्हटलं, "बाई, तुम्हीही गिळता की." त्या म्हणाल्या, "गिळतो काका, पण मोजतो. आवाज जातो, त्याची जागा जात नाही." लिफ्टवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं खाली बसलो.

मग एके दिवशी त्यांनी सांगितलं की जपानीतला आजचा 'ह' फार पूर्वी 'प' होता. ओठ हळूहळू सैल पडत गेले आणि आता नुसती हवा राहिली. मला वाटलं, बघा, ढिलाई. घरी येऊन इंग्रजीचं जाडं पुस्तक काढलं, आपली भाषा कशी काटेकोर ते दाखवायला. तर त्यात काय? सुरीला आपण 'नाइफ' म्हणतो, त्यातला पहिला 'क्' तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीपर्यंत लोक म्हणत होते. 'नेम'ला सहाशे वर्षांपूर्वी दोन ठोके होते, शेवटचा स्वर नंतर गळून पडला. म्हणजे त्या काळातला एखादा अस्सल इंग्रज माझ्या वर्गात आला असता, तर मी त्यालाही उभाच ठेवला असता.

आणि तुझी आजी. ती 'फिलिम' म्हणायची, 'इस्टूल' म्हणायची. जोडाक्षर अवघड गेलं की ती एक स्वर मध्ये सरकवायची किंवा पुढे लावायची. जावईबापूंची जपानी माणसं तो मध्ये आणि मागे लावतात, एवढाच काय तो फरक. मी आजीला जन्मात कधी टोकलं नाही. इस्टूल आण म्हणाली की इस्टूल आणलं.

बघ, जावईबापूंचं नाव आलंच. दोन पानं मी त्यांना वळसा घालत होतो.

दर वर्षी तू येतेस, छोटी येते, आणि त्यांना सुट्टी नसते. मी पण मान डोलावतो, म्हणतो, हो, तिकडे कामाचा रेटाच मोठा. मेमध्ये निघताना तू दारात चप्पल घालता घालता म्हणालीस, "बाबा, त्याला सुट्टी असते." मग आणखी म्हणालीस, "तुमच्याशी बोलायचं एक वाक्य तो दोन-दोन दिवस पाठ करतो. आणि फोन लागला की अंघोळीला जातो." रिक्षा आली आणि तू गेलीस. मी दार लावलं आणि तुझ्या आईला म्हटलं, जावई फार अंघोळी करतो. ती हसली नाही.

चार वर्षांपूर्वीचं ते जेवण मी आजवर सगळ्यांना विनोद म्हणून सांगत आलो. लग्नानंतर पहिल्यांदा तो आपल्याकडे आला होता. आत्या होती, मामा होता. जेवता जेवता तो उठून उभा राहिला, खिशातली चिठ्ठी न काढता इंग्रजीत बोलायला लागला, आणि शेवटच्या वाक्यात 'स्ट्रेंग्थ' हा शब्द आला. आता हा शब्द म्हणजे माझा लाडका. एकच स्वर, त्याच्या डोक्यावर तीन व्यंजनं, पायाशी दोन, आणि सगळं मिळून एक ठोका. त्यानं केलं 'सु-तो-रे-न्-गु-सु'. सहा.

मी चमचा उचलला आणि ताटाच्या कडेवर वाजवला. म्हटलं, "वन. ओन्ली वन." त्यानं पुन्हा म्हटलं, सहा. मी पुन्हा वाजवला. तो खाली बसायला लागला, तर मी हातानं थांबवलं. माझ्याकडे बरोबर आल्याशिवाय कोणी बसत नाही. मामा हसला, मग आत्या हसली. अकरा वेळा म्हणवून घेतलं मी त्याच्याकडून. तू ताटाकडे बघत होतीस. शेवटी तुझी आई म्हणाली, "बस रे बाळा, गार होतंय." त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी तो लगेच बसला.

तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी आमच्या वर्गात प्रत्येकानं उठून आपल्या घरच्या माणसाबद्दल पाच वाक्यं बोलायची होती. लिफ्टवाला बायकोबद्दल बोलला, फार छान बोलला. मी जावयाबद्दल बोललो. मला एक जावई आहे. तो जपानी बोलतो. तो आमच्याकडे जेवायला आला. मी त्याला उभं केलं. तो पुन्हा आला नाही. लिफ्टवाल्याच्या हिशेबानं पाच वाक्यांत माझ्या नऊ चुका झाल्या.

मी टाळीची वाट पाहत होतो. पण बाईंनी खडू खाली ठेवला आणि सावकाश विचारलं, "ते तेव्हा काय सांगत होते?"

मला आठवेना. सहा ठोके आठवत होते, चमचा आठवत होता, आत्याचं हसणं आठवत होतं. वाक्य आठवत नव्हतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी तसाच उभा होतो. मग एकेक शब्द मागून पुढे येत गेला. तो म्हणाला होता, तुमची मुलगी माझं बळ आहे. मला ते जपानीत सांगता आलं नाही. मराठीतच सांगितलं, आणि एवढ्या लोकांसमोर मला रडू आलं.

परक्या घरात, परक्या भाषेत एक माणूस माझ्या मुलीबद्दल हे सांगायला उभा राहिला होता आणि मी ठोके मोजत बसलो. मला लाज वाटते. तुझीही माफी मागतो. तू ताटाकडे बघत होतीस ते मी पाहिलं होतं आणि तरी थांबलो नाही.

जानेवारीत मला सत्तर पूर्ण होतील. तो तुमच्याबरोबर आला तर बरं वाटेल. सोबत त्याच्यासाठी वेगळा कागद ठेवला आहे, जपानीत, सात ओळी. तो लिहायला मला दोन आठवडे लागले. बाई तपासून द्यायला तयार होत्या, लाल पेनही काढलं होतं, पण मी नको म्हटलं. जन्मभर लोकांच्या वह्या लाल केल्या, आता हा कागद आहे तसाच जाऊ दे. तू वाचून दाखवू नकोस आणि सुधारूही नकोस. त्याच्या हातात दे आणि खोलीबाहेर जा.

हसला तर मला कळव. नाहीच यावंसं वाटलं, तर या वेळी सुट्टीचं सांगू नकोस, खरं ते सांग. आणि त्याच्यावर जोर करू नकोस. त्यानं माझ्यासाठी चार वर्षं पुष्कळ वाक्यं पाठ केली आहेत. आता वाट पाहायची पाळी माझी.

तुम्हां तिघांचा,
बाबा