डेपोच्या फळ्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, बस डेपोतली निवृत्त रोखपाल, अविवाहित, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजारीणबाईंचं मत वेगळं आहे, म्हणून त्यांना साक्षीदार केलेलं नाही. उद्या माझं ऑपरेशन आहे. पूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. घराच्या मागच्या दोन खोल्या आणि गच्ची थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, द्यावी. आधीच्या मृत्युपत्रात त्याच्या वाट्याला फक्त माझी मोडकी छत्री होती. त्याचं कारण असं.

दादा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मी त्याची खजिनदार होते. देणग्या एकाच बँक खात्यात जमा कराव्यात, माणशी मर्यादा पाळावी आणि दर आठवड्याला नावांसह तपशील निवडणूक कार्यालयात द्यावा, हा कायदा. त्यात मी माझी एक भर घातली. गाड्यांच्या वेळा लिहायचा, डेपोतून मोडीत निघालेला फळा मी दाराबाहेर टांगला. देणाऱ्याने स्वतः यायचं, खडू घ्यायचा, नाव आणि रक्कम आपल्या हाताने लिहायची. मगच पावती.

एका ठेकेदाराला मर्यादेहून पुष्कळ जास्त द्यायचे होते. त्याने ती रक्कम आपल्या गवंड्यांच्या नावांवर वाटली आणि सगळ्यांना रांगेने पाठवलं. पहिल्याने नाव झोकात लिहिलं, मग खडू तसाच धरून मला विचारलं, "ताई, मी किती दिले ते जरा साहेबांना विचारून येऊ?" रांग हसली, मीही हसले. पैसे परत गेले. दादा थोडक्या मतांनी पडला. "सख्ख्या बहिणीने पाडलं मला," असं सगळ्यांना सांगत फिरला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. ते वाक्य मी त्याला परत करते. माझ्या मालमत्तेत ते नको.

२. शिवणयंत्र शेजारीणबाईंना द्यावं. तसंही ते त्यांच्याकडेच आहे.

३. पुढची खोली आणि फळा दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला. यंदा ती उभी आहे आणि खजिनदारी पुन्हा माझ्याकडे आली आहे. तिचा प्रचारप्रमुख रोज भुणभुण लावतो, "आत्या, फळा काढा हो, मोठे देणगीदार बिचकतात." भाची गप्प बसायची. माझे डोळे मिटले की फळा माळ्यावर जाणार, या धास्तीने मला झोप लागेना. म्हणून अट घातली होती: फळा उतरवलास तर खोलीही गेली.

ती अट मी खोडली आहे. गेल्या आठवड्यात त्याच ठेकेदाराचा मुलगा बंद पाकीट घेऊन आला. "नाव कशाला, सदिच्छा समजा," म्हणाला. भाचीने त्याच्या हातात खडू ठेवला. "सदिच्छा असंच लिहा. पुढे नाव आणि आकडा तेवढा घाला." तो पाकिटासकट गेला. प्रचारप्रमुखाने कपाळाला हात लावला. मला मात्र तिची दृष्ट काढावीशी वाटली.

त्याच संध्याकाळी दादा आला. इतक्या वर्षांनी. फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "मर्यादा किती आहे गं?"

"वरच लिहिलीये. चष्मा लाव."

त्याने झेपेल तेवढी रक्कम लिहिली आणि पावतीसाठी हात पुढे केला. पावतीवर त्याचं नाव लिहिताना मला रडू आलं, हे इथे मुद्दाम नोंदवते. छत्री रद्द झाली ती त्या संध्याकाळी.

४. बँकेतली ठेव सध्या ऑपरेशनसाठी अडकली आहे. दवाखान्याचं बिल भागल्यावर तिच्यातून मर्यादेइतकीच देणगी भाचीच्या प्रचारखात्यात भरावी. मृत्युपत्रातून देणगी चालते आणि मर्यादा जिवंत माणसाला असते तीच लागते, हे निवडणूक कार्यालयात विचारून घेतलं आहे. बाकी उरेल ते डेपोच्या कामगार वाचनालयाला.

आता एकच अडचण. फळ्यावर देणाऱ्याने आपल्या हातानेच लिहायचं, हा माझाच नियम, आणि तो मला मोडायचा नाही. म्हणून आज सकाळी स्टुलावर चढून माझं नाव आणि रक्कम लिहून ठेवली आहे. तारखेची जागा मोकळी सोडली आहे. परत आले तर ती मी भरीन. नाही आले तर दादाने भरावी, आणि पावती मागून घ्यावी.

हे सगळं वाचून, समजून, चहा घेऊन सही केली.

सही: आत्या, खजिनदार
साक्षीदार: कोपऱ्यावरचा चष्मेवाला
साक्षीदार: प्रचारप्रमुख (फळा अमान्य, सही मान्य)
स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस