पांढरे पडलेले किडे

मक्यावरचे पांढरे पडलेले किडे काढायचे नाहीत, हे मी तुला सांगितलं होतं. तू मला नाही. बाबा, आधी हे मान, मग मी कशी आहे ते विचार.

गुरांसाठी पेरलेल्या मक्याला अळी लागली त्या वर्षी तू मला चौथीतून काढलंस. "एक पावसाळो किडे वेच, मगे जा शाळेत." करवंटी घेऊन मी दिवसभर वाकलेली. कोंभातल्या जिवंत अळ्या वेचायच्या, आणि पानाला चिकटून मेलेल्या, खडूसारख्या कडक पांढऱ्या, त्यासुद्धा. सगळ्या चुलीत. बांधाकडचा तुकडा माझ्याच्याने व्हायचा नाही, तो तसाच राहायचा. आणि मका हिरवा राहिला तो तिथलाच. त्या पांढऱ्या किड्यांवर पुढे हिरवट भुकटी धरायची, ती उडाली की आजूबाजूच्या अळ्या खाणं सोडायच्या. मी तुला हाताला धरून नेऊन दाखवलं. "तुका काय कळता गो?" म्हणालास, पण वेचणं त्याच दिवशी थांबवलंस. आठवड्याने देवळाच्या पायरीवर चार माणसांना सांगत होतास, "ह्या माझ्या ध्यानात इला." मी मागे उभी होते. म्हटलं, जाऊ दे, शाळा तरी मिळेल. तर घरी येऊन म्हणालास, "मगे गुरां कोण राखतलो?"

काल शेतकी खात्यातली एक पोरगी आली होती. बोलते पुस्तकासारखं, पण पाय चिखलात घालते. सुनेच्या मक्यावर आता तीच अळी आहे आणि म्हैस गाभण, म्हणून विषारी औषध नको. पोरीने पिशवीतून बुरशीची पूड काढली. पाण्यात कालवून संध्याकाळी, हवेत ओल असताना मारायची. मी म्हटलं, "गो बाय, पांढरे झालेले किडे तेवढे काढू नको, ही पूड तेंचीच."

"आजी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

सून दारात उभी, नात वही घेऊन लिहायला बसलेली. आणि मी म्हटलं, "माझ्या बापाशीन."

नातीने तसंच लिहिलं. मी खोडायला सांगितलं नाही. त्याचा राग तुझ्यावर धरू की माझ्यावर, ते काल रात्रीपासून ठरत नाही.

हे पत्र कुठे टाकता येणार नाही, एवढं मला कळतं. तरी विचारते, वेचायचं काम संपलं होतं, मग मला शाळेत का पाठवलं नाहीस? आईला पुढे करू नको. तुझ्या वाटची उत्तरं तिने जन्मभर दिली. हे तू दे.