राक्षसाचे डोळे मीच उघडणार

मी, वारलू लक्ष्मण बोरकुटे, वय ७४, धंदा तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवणे, राहणार नागभीड, पूर्ण शुद्धीत आणि थोड्या रागात हे मृत्युपत्र लिहीत आहे. राग मुलगा धनराज याच्यावर आहे. कारण कलम तीनमध्ये.

१. राहतं घर धनराज व सून नीलिमा यांना निम्मं-निम्मं. ओसरीतली माझी रंगाची जागा नीलिमाच्या वाट्याला. तिथं कूलर ठेवू नये.

२. कुंचले आणि रंगाचे डबे नात दिव्यानीला. समोरच्या झिंगू पेंटरला कुंचल्याचा एक केसही देऊ नये. तो नंदीला डोळ्यांचे छापील स्टिकर चिकटवतो. आंधळी जनावरं विकतो आणि वर मलाच बुढा म्हणतो!

३. दिव्यानी पुण्यात शिकते. तिथं मैत्रिणींसोबत राक्षसांच्या लढाईचा कसलासा पटावरचा खेळ खेळते. त्यातला वीतभर उंचीचा, हातात सोटा घेतलेला, बिनरंगी राखाडी प्लास्टिकचा राक्षस तिनं मला पाठवला. "आबाजी, हा तुम्हीच रंगवा." यावर धनराज म्हणाला, "बाबा, तुमचा हात हालते, डोळ्यात मोतीबिंदू. काऊन तरास घेता? नागपूरच्या एका पोराले देऊन देतो." म्हणून हे मृत्युपत्र.

रंगाआधी वस्तू तपासावी लागते. मी राक्षस उन्हात धरला, अंगभर बोट फिरवलं. पाठीवर काहीतरी खरखरलं, पण दिसेना. त्याला खिडकीत ठेवून जेवायला बसलो. तेवढ्यात शेजारच्या शकुबाई मडावी आल्या. सोटा पाहून त्यांना तो आपला गोंडांचा भीमाल देव वाटला, आणि त्यांनी त्याला डोक्यापासून हळद वाहिली.

मी ताटावरून ओरडलो, "अवो बाई, काय करून राह्यल्या? राक्षस आहे तो!"

"असू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याले तरी कोण पुसते?"

हळद झटकायला घेतली आणि थांबलो. साच्याच्या जोडाची ती खरखरीत शिवण, हळद अडकून, खांद्यापासून टाचेपर्यंत पिवळी धम्मक उठून दिसत होती. काखेतलं भोकसुद्धा. मला इतका आनंद झाला की उरलेलं जेवण मी विसरलो. शिवण पॉलिश पेपरनं घासली, भोक बुजवलं. आता अस्तराचा हात, मग रंग. डोळे रंगवून उघडायचे ते शेवटी, आपल्या नंदीसारखे.

४. माझ्या हयातीत राक्षस कुणीही घराबाहेर नेऊ नये. काम अर्धवट राहून मी गेलो, तर दिव्यानीनं पूर्ण करावं. पण त्याचे डोळे उघडल्याशिवाय मी जाणार नाही. हे वाक्य खोडा, असं वकील म्हणाले. खोडत नाही.

५. हात हालतो तर अंगठा द्या, असंही वकील म्हणाले. अंगठा देणार नाही. खालची सही मी नंदीचे डोळे रेखायच्या सर्वांत बारीक कुंचल्यानं, हाताला टेकू न घेता केली आहे. धनराजनं ती उन्हात नेऊन तपासावी. पाहिजे तर हळद टाकून.

साक्षीदार:
शकुबाई मडावी (सही होईपर्यंत श्वास रोखून उभ्या होत्या)
बुधू मेश्राम

नागभीड, दि. ३० ऑगस्ट २०२५

वारलू लक्ष्मण बोरकुटे